०.४ मायक्रोसेकंदांचा हिशेब

पन्नास मिलिमीटर लांबीचा, २० टक्के सच्छिद्रतेचा वालुकाश्माचा एक तुकडा. कोरडा असताना त्यातून पी लहर (पुढे-मागे दाबत जाणारी ध्वनिलहर) आरपार जायला १३.७६ मायक्रोसेकंद लागतात. छिद्रांमध्ये पाणी भरलं की १३.३६. कापणं, धुणं, वाळवणं, वजनं, दाबपात्राची जुळवाजुळव असं सगळं करून शेवटी जो फरक हाती लागायचा असतो तो हा एवढा: ०.४ मायक्रोसेकंद. आणि नमुन्याची टोकं, त्यातली ओल, जॅकेट (दगडावरचं रबरी आवरण), ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) वेळ टिपण्याची जागा, यातली कुठलीही एक गोष्ट बिघडली तरी या फरकाचा पाव-अर्धा हिस्सा खाऊन टाकते. विद्यापीठातल्या रॉक फिजिक्स प्रयोगशाळेत एक नमुना हातातून जाताना काय काय करावं लागतं आणि कुठे घसरायला होतं, ते कामाच्या क्रमाने लिहितो आहोत.

सुरुवात ठोकळ्यापासून. उघड्या खाणीतला दगड असेल तर बाहेरचा ऊन-पावसाने झिजलेला थर काढून टाकायचा. तेलविहिरीतून आलेला कोअर (विहिरीतून कापून काढलेला दगडाचा दंडगोल) असेल तर टाकायला काही नसतंच, तिथे एकेका सेंटिमीटरचा हिशेब असतो. ठोकळ्यातून दंडगोल काढायला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी लागते. साधारण ३८ मिमी व्यासाचा प्लग काढतात, २५ मिमीचाही चालतो. जागा असेल तर आम्ही ३८चाच घेतो, कारण तुकडा जितका लहान तितकी मोजमापातली तीच चूक आकारमानात मोठी दिसते. भरड दगडाला तर पर्यायच नाही. लहरीचा वेग सेकंदाला ३,५०० मीटर आणि वारंवारता १ मेगाहर्ट्झ धरली तर लहरीची लांबी भरते ३.५ मिमी. दगडातले कणच दोन-तीन मिमीचे असतील तर लहर विखुरते, आणि जो वेग मिळतो तो नेमका कशाचा हे सांगता येत नाही.

ठोकळा घट्ट बसवणं हे कापणीचं अर्धं काम. तो केसभरही हलला तर नळी थरथरते आणि प्लगच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारख्या कडा उठतात. तेव्हा त्या नुसत्या ओबडधोबड वाटतात. पुढे ४० मेगापास्कल दाबाखाली जॅकेट नेमकं तिथेच फाटतं. ठोकळ्याच्या खाली टाकाऊ दगडाची फरशी ठेवायची, नाहीतर नळी बाहेर पडताना प्लगच्या बुडाचा कपचा उडतो. दाब हलका ठेवायचा, दर काही मिलिमीटरला नळी वर घेऊन पाण्याने गाळ धुऊ द्यायचा. गाळ अडकला की नळी तापते आणि प्लग आतच मोडतो. शेलला (चिकणमातीच्या थरांच्या दगडाला) मात्र पाणी लावायचं नाही. चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि थर पानांसारखे सुटतात. त्याला खनिज तेल नाहीतर दाबाची हवा. शेलचे तीन प्लग लागतात: थरांना लंब, थरांना समांतर आणि ४५ अंशांवर. तिसऱ्याशिवाय दिशेनुसार बदलणाऱ्या स्थितिस्थापकतेचा एक गुणांक गणितात सुटतच नाही. पण तिरका प्लग काढतानाच शेल सगळ्यात जास्त मोडतो, म्हणून तो आधी काढायचा. तो निघाला नाही तर बाकीच्या दोघांवर वेळ घालवण्यात फारसा अर्थ नाही.

टोकं घासण्याचं काम कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त आळस इथेच होतो. पृष्ठभाग ०.०२ मिमीच्या आत सपाट हवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना समांतर हवीत. तपासायची रीत साधी आहे. ग्रॅनाइटच्या सपाट पाटावर प्लग उभा करायचा, वरच्या टोकावर डायल गेजची सुई टेकवायची आणि प्लग हळूहळू फिरवायचा. सुई दोन शतांशांच्या पलीकडे हलली की परत घासायचं. टोक मध्ये फुगीर राहिलं तर ट्रान्सड्यूसरची (लहर सोडणाऱ्या-पकडणाऱ्या साधनाची) टोपी फक्त मधल्या बेटावर टेकते. कमी दाबाला सिग्नल दुबळा येतो, दाब वाढला की अचानक सुधारतो. त्या सुधारणेला दगडातल्या भेगा मिटल्या असं समजून आलेख काढले जातात.

लांबी सहा ठिकाणी आणि व्यास वर, मध्ये, खाली, दर जागी काटकोनात दोनदा मोजायचा. प्लगवर नमुना क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण हवा, पण तो परमनंट मार्करने काढू नये. टोल्युइनमध्ये ती शाई सुखाने विरघळते आणि सॉक्सलेटमधून (द्रावकाने प्लग धुण्याच्या उपकरणातून) सहा एकसारखे निनावी प्लग बाहेर येतात. कानशीने कडेला बारीक खाच पाडायची आणि स्टीलच्या तारेत पत्र्याचं लेबल अडकवायचं.

खाणीतल्या स्वच्छ वालुकाश्माला सॉक्सलेटची गरज नसते. तेलविहिरीच्या कोअरला असते. आधी टोल्युइन तेलासाठी, मग मेथॅनॉल मिठासाठी. टोल्युइन ११० अंश सेल्सियसला उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब प्लगवर पडते, पात्र भरलं की सायफनने रिकामं होतं. द्रव नितळ दिसला म्हणजे काम झालं असं नाही. रात्रभर उष्णता बंद ठेवून प्लग द्रवात तसाच राहू द्यायचा. सकाळी पुन्हा पिवळसर झाक आली तर आतल्या बारीक छिद्रांत अजून तेल आहे. मिठासाठी मेथॅनॉलच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पांढुरका गढूळपणा आला की क्लोराइड शिल्लक आहे. याला दिवसही लागतात, आठवडेही. हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं आणि कंडेन्सरचं थंड पाणी चालू आहे की नाही हे जाता-येता बघायचं. पाणी मध्येच बंद पडलं तर टोल्युइनची वाफ खोलीभर होते आणि ती पेट घेणारी असते.

वाळवण्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. स्वच्छ क्वार्ट्झच्या वालुकाश्माला १०५ अंश चालतं. चिकणमाती असेल तर ६० अंश, तेही आर्द्रता राखणाऱ्या ओव्हनमध्ये. छिद्रांमध्ये इलाइट या चिकणमातीच्या खनिजाचे केसासारखे तंतू असतात. जास्त तापवल्यावर ते छिद्राच्या भिंतीला चिकटून बसतात आणि पारगम्यता (द्रव-वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) फुकटच वाढलेली दिसते. जिप्सम असेल तर त्याच्या स्फटिकांतलं पाणीच निघून जातं, म्हणजे खनिज बदलतं. वजन दर २४ तासांनी घ्यायचं आणि लागोपाठ दोन वजनांत ०.०१ ग्रॅमहून कमी फरक येईपर्यंत थांबायचं. गरम प्लग तराजूवर ठेवू नये. त्याच्याभोवती हवा वर उठते आणि वजन कमी भरतं. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच तोलायचा.

आता ‘कोरडा’ म्हणजे किती कोरडा? अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रखडकांनी हा प्रश्न चांगलाच गाजवला. चंद्रावरच्या भूकंपमापकांत लहरी तासभर घुमत राहत होत्या, पण तेच खडक पृथ्वीवरच्या हवेत मोजले तर लहरी झटकन विरत. निर्वातात तापवून त्यांच्यातली पाण्याची शेवटची पातळ फिल्म काढली तेव्हा कुठे ऱ्हास एकदम घटला. कणाकणांच्या सांध्यात बसलेलं रेणूभर जाडीचं पाणी सांगाडा मऊ करतं. म्हणून ओव्हनमधून काढलेला हाडासारखा कोरडा प्लग थेट मोजून त्याची तुलना पाण्याने भरलेल्याशी करू नये. त्याचा सांगाडाच वेगळा असतो. आम्ही वाळवलेला प्लग खोलीच्या हवेत दिवसभर ठेवतो, वजनात अगदी किंचित भर पडू देतो, आणि तेच ‘कोरडं’ वजन म्हणून लिहितो. वहीत आर्द्रताही लिहायची. पावसाळी हवेत मोजलेला आणि कोरड्या हवेत मोजलेला असे एकाच दगडाचे दोन वेग निघतात.

सच्छिद्रता हेलियमने. ठरावीक आकारमानाच्या भांड्यात साधारण ०.७ मेगापास्कल दाबाने हेलियम भरायचा, झडप उघडून तो प्लग ठेवलेल्या भांड्यात जाऊ द्यायचा, दाब किती उतरला ते बघायचं. बॉइलचा नियम, दुसरं काही नाही. हेलियम यासाठी की त्याचा अणू लहान, बारीक छिद्रांत शिरतो आणि कणांना चिकटत नाही. त्यातून घन भागाचं आकारमान मिळतं. आपल्या प्लगचा व्यास ३८.१ मिमी, लांबी ५०.० मिमी, म्हणजे एकूण आकारमान ५७.० घन सेमी. घन भाग ४५.६ आला तर छिद्रं ११.४, म्हणजे २० टक्के. यात हेलियमचा आकडा सहसा बरोबर असतो, चूक व्हर्निअरमध्ये असते. व्यास ०.०५ मिमीने चुकला तरी सच्छिद्रता ०.२ टक्क्याने सरकते.

फुकटात एक पडताळा मिळतो, तो सोडू नये. कोरडं वजन भागिले घन आकारमान म्हणजे कणांची घनता. १२०.८४ ग्रॅम भागिले ४५.६ म्हणजे २.६५, अगदी क्वार्ट्झ. २.७०च्या वर गेलं तर कॅल्साइटचं किंवा डोलोमाइटचं सिमेंट असेल. २.५५ आलं तर एकतर प्लग ओला आहे, नाहीतर तेल राहिलंय. पुढे जाण्याआधी स्टीलचे मोजलेले ठोकळे टाकून यंत्र तपासायचं. घट्ट दगडात हेलियम शिरायलाच वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात दाब स्थिर झाला असं मानून टाकलं तर छिद्रं कमी मोजली जातात.

वायूने पारगम्यता मोजण्यात फार काही नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की कमी दाबाला वायू छिद्राच्या भिंतीवरून घसरतो आणि पारगम्यता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. क्लिंकेनबर्गने १९४१ साली हे दाखवलं. तीन-चार सरासरी दाबांवर मोजून, दाबाच्या व्यस्ताशी आलेख काढून, रेघ शून्यापर्यंत न्यायची.

आता खरं काम, ध्वनीचं. प्लगच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, टोप्यांच्या आत पीझोइलेक्ट्रिक चकत्या. एका चकतीला काहीशे व्होल्टचा झटका द्यायचा, ती थरथरते, लहर दगडातून जाते, दुसरी चकती ती पकडते, ऑसिलोस्कोपवर दिसते. गोंगाट दाबायला अडीचशे-पाचशे झटक्यांची सरासरी घ्यायची. पडद्यावर दिसणारी वेळ मात्र दगडाची एकट्याची नसते. टायटेनियमच्या दोन टोप्या प्रत्येकी २५ मिमी जाड असतील तर त्या ओलांडायलाच आठ मायक्रोसेकंदांच्या आसपास जातात, वर केबल आणि इलेक्ट्रॉनिक्स. ही सगळी ‘डेड टाइम’ वजा करायची असते.

सोपी पद्धत म्हणजे टोपीला टोपी भिडवून वेळ बघणं. आमचा तिच्यावर विश्वास नाही, कारण दोन घासलेल्या धातूंचा सांधा आणि धातू-दगडाचा सांधा सारखे नसतात. त्यापेक्षा अॅल्युमिनियमचे २५, ५० आणि ७५ मिमीचे दंडगोल दगडासारखेच जॅकेटमध्ये घालून मोजायचे. लांबी आडव्या अक्षावर, वेळ उभ्या अक्षावर. तीन बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती डेड टाइम. रेषेच्या उतारातून अॅल्युमिनियमचा वेग निघतो, तो पी लहरीला सेकंदाला ६.३ ते ६.४ किमी यायला हवा. नाही आला तर चूक रेषेतच आहे. हे पी आणि एस (आडवी हलत जाणारी लहर) दोन्हींसाठी आणि प्रत्येक दाबाला वेगळं करायचं, कारण दाबाने सांधे घट्ट होतात आणि डेड टाइम कमी होत जाते. वातावरणाच्या दाबावर काढलेली डेड टाइम सगळ्या दाबांना लावली तर ०.१ मायक्रोसेकंदाची चूक अगदी आरामात होते. आपल्या ०.४चा पाव भाग तिथेच गेला. केबल बदलली, टोपी सोडून पुन्हा बसवली, चकती बदलली, की हे सगळं पुन्हा.

दगड आणि टोपी यांच्यामध्ये हवेची फट राहिली तर लहर परतते, म्हणून मध्ये काहीतरी चिकट लागतं. पी लहरीला जवळपास काहीही चालतं. एस लहर आडवी हलते आणि पातळ द्रव आडवं हलणं पुढे देतच नाही, म्हणून तिला मधासारखा घट्ट लेप हवा. बऱ्याच ठिकाणी खरोखरच मध वापरतात. तो सच्छिद्र दगडात मुरतो, त्यामुळे थर अगदी पातळ हवा. पाण्याने भरलेल्या दगडाला मध लावण्यात अर्थ नाही, तो विरघळून जातो. तिथे शिशाचा पातळ पत्रा बरा. एस चकत्यांची हलण्याची दिशा दोन्ही टोकांना जुळली पाहिजे. एक टोपी ९० अंशांनी फिरवून बघायची. दगड सगळ्या दिशांना सारखा असेल तर सिग्नल जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे.

जॅकेट म्हणजे व्हिटॉन रबराची नळी, दोन्ही टोप्यांवर ओ-रिंग आणि क्लॅम्प. बाहेर तेल, आत दगड. नळी चढवताना सुरकुती राहिली तर तीच तेलाची वाट. पात्र बंद करताना तेलातली हवा पूर्ण काढायची. हवा दाबली की ती ऊर्जा साठवते, आणि सांधा सुटला तर तेल नुसतं सांडत नाही, उडतं. पहिला दाब फक्त २-३ मेगापास्कल. पोअर लाइनचं (दगडाच्या छिद्रांना जोडलेल्या नळीचं) मोकळं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवायचं. सुरुवातीला दगड आवळला जाऊन दोन-चार बुडबुडे येतात, ते ठीक. बुडबुडे थांबले नाहीत किंवा पाण्यावर तेलाची चमक दिसली तर तिथेच थांबायचं, सगळं उतरवायचं. तेल मुरलेला प्लग मोजमापाच्या कामाचा राहत नाही. तो परत सॉक्सलेटमध्ये.

दाब ५, १०, २०, ३०, ४० मेगापास्कल असा चढवायचा आणि प्रत्येक पायरीला अर्धा तास थांबायचं. पंपाने तेल दाबलं की ते तापतं आणि दगड हळूहळू आवळत राहतो, त्यामुळे लगेच घेतलेला आकडा दहा मिनिटांनी वेगळा येतो. लांबी एलव्हीडीटीने (बारीक हालचाल मोजणाऱ्या सेन्सरने) मोजत राहायचं. ४० मेगापास्कलला ५० मिमीचा आपला प्लग ०.०६ मिमीच्या आसपास आखडतो, मऊ दगड याहून जास्त. वेग कमी दाबाला झपाट्याने वाढतो आणि मग आलेख सपाट होत जातो. भेगा मिटतात त्याचं हे चित्र. भेगेची रुंदी तिच्या लांबीच्या हजाराव्या भागाएवढी असेल आणि दगडाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) ४० गिगापास्कल असेल, तर ती मिटायला साधारण ३० मेगापास्कल पुरतात. गोल छिद्रं मात्र या दाबाला ढिम्म हलत नाहीत. सच्छिद्रता जेमतेम बदलते आणि वेग मात्र बराच वाढतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटं वाटतं. वेग ठरतो तो छिद्रांच्या आकारावर, किती आहेत त्यावर एवढा नाही.

ऑसिलोस्कोपवर पहिली हालचाल कुठे सुरू झाली ते टिपणं हे माणसाच्या हातचं काम, आणि माणसागणिक वेगळं होतं. १ मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन म्हणजे १ मायक्रोसेकंद. सुरुवातीऐवजी पहिलं शिखर टिपलं तर पाव मायक्रोसेकंद पुढे गेलात. काही जण संदर्भाच्या अॅल्युमिनियममध्येही शिखर आणि दगडातही शिखर टिपतात, म्हणजे चूक कटते असं त्यांचं म्हणणं. अॅल्युमिनियमसारख्या दगडात कटेलही. पण दगड उच्च वारंवारता गिळतो, लहर पसरते, शिखर मागे सरकतं, आणि कोरड्या नि ओल्या दगडात ते वेगवेगळं सरकतं. सुरुवातच टिपावी. सिग्नल स्वच्छ करायला मागे-पुढे दोन्हीकडून चालणारा फिल्टर लावला तर खऱ्या सुरुवातीच्या आधीच एक खोटी लाट उमटते आणि दगड होता त्यापेक्षा वेगवान ठरतो. स्वयंचलित प्रोग्राम ती लाट हटकून पकडतो. एका आलेखासाठीचे सगळे सिग्नल एकाच बैठकीत, एकाच माणसाने, दाबाच्या क्रमाने एकाखाली एक मांडून टिपावेत. दाबाबरोबर सुरुवात हळूहळू डावीकडे सरकताना दिसते. एखादी मध्येच उडी मारते ती चुकलेली.

एस लहरीचं दुखणं निराळं. एस चकती थोडीशी पी लहरही पाठवते, ती आधी पोचते आणि तिची शेपटी एसच्या सुरुवातीवर पडते. आधीची बारीक थरथर सोडून, जिथे मोठी आणि कमी वारंवारतेची लाट उठते, ती एस. खात्री नसेल तर पी आणि एस वेगांचं गुणोत्तर बघायचं. कोरड्या वालुकाश्मात ते १.५ ते १.६च्या आसपास असतं. १.३ आलं तर बहुधा पीची शेपटीच एस म्हणून टिपली गेली आहे.

आता पाणी भरायचं. मातीचं प्रमाण थोडंफार असेल तरी डिस्टिल्ड पाणी वापरू नये. माती फुगते, कण सुटतात, छिद्रांचे गळे तुंबतात. २-३ टक्के मिठाचं पाणी, तेही हवा काढलेलं. प्लग रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवायचा, मग व्हॅक्यूम चालू असतानाच पाणी खालून हळूहळू चढू द्यायचं. वरून ओतलं तर मध्ये हवा कोंडते. नंतर १० मेगापास्कल पाण्याच्या दाबाखाली आणखी एक रात्र, म्हणजे उरलेले बुडबुडे विरघळतात. पडताळा वजनाचा. ११.४ घन सेमी छिद्रं, पाण्याची घनता १.०२, म्हणजे वजन ११.६३ ग्रॅमने वाढायला हवं. ११.३ वाढलं तर जवळपास तीन टक्के हवा आत आहे. तोलण्याआधी प्लग त्याच पाण्यात ओल्या केलेल्या कापडावर एकदा लोळवायचा. कोरड्या टिपकागदाने पुसला तर कागद छिद्रांतलंही पाणी ओढतो.

एवढ्याशा हवेने काय होतं? पाण्याचा बल्क गुणांक (सगळीकडून दाबण्याला होणारा विरोध) २.२५ गिगापास्कल, वातावरणाच्या दाबावरच्या हवेचा ०.०००१. एक टक्का हवा सारखी पसरली तर मिश्रणाचा गुणांक उतरतो ०.०१वर. म्हणजे दगडाच्या दृष्टीने पाणी भरलंच नाही. १ मेगाहर्ट्झला हा परिणाम लपूही शकतो, कारण बुडबुड्याला आजूबाजूच्या पाण्याशी दाब वाटून घ्यायला वेळच मिळत नाही. पण लपणारी चूक आम्हाला उघड चुकीपेक्षा जास्त नकोशी वाटते.

पाणी भरलेल्या नमुन्यावर आतला आणि बाहेरचा असे दोन दाब सांभाळायचे असतात, आणि पात्रावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा नियम एकच आहे: चढवताना आधी बाहेरचा, उतरवताना आधी आतला. संध्याकाळी घाईत कोणीतरी बाहेरच्या तेलाची झडप आधी उघडतो. आतला दाब १० मेगापास्कल तसाच. बाहेरचा त्याच्या खाली गेला की जॅकेट फुग्यासारखं सुटतं आणि मिठाचं पाणी तेलात. मग तेल बदला, पात्र पुसा, चकत्यांच्या तारांवर गंज चढायच्या आत टोप्या धुवा, वाळवा. हे व्हायला दोन सेकंद, निस्तरायला दोन दिवस.

दोन्ही मोजमापं हाती आली की गासमानचं १९५१चं समीकरण, कोरड्या दगडाच्या गुणांकावरून पाणी भरलेल्याचा गुणांक सांगणारं. कोरड्या सांगाड्याचा बल्क गुणांक १२ गिगापास्कल, क्वार्ट्झचा ३७, पाण्याचा २.२५, सच्छिद्रता ०.२०. पाणी भरल्यावर १६.५ यायला हवा. शिअर गुणांक (आडवं सरकवण्याला होणारा विरोध) १२, तो बदलायला नको, कारण द्रव आडव्या ताणाला विरोध करत नाही. घनता मात्र २.१२वरून २.३२वर गेली. म्हणून पी वेग सेकंदाला ३.६३ किमीवरून ३.७४ झाला आणि एस वेग २.३८वरून २.२७वर उतरला. सुरुवातीचे दोन आकडे इथून आले.

मोजलेला वेग मात्र अनेकदा ३.७४च्या वर निघतो. त्यावेळी पहिलं बोट समीकरणाकडे दाखवू नये आणि शोधनिबंधाकडेही धाव घेऊ नये. शिअर गुणांक बघायचा: घनता गुणिले एस वेगाचा वर्ग. कोरड्याचा आणि ओल्याचा सारखा असेल तर टिपण्यात किंवा डेड टाइममध्ये घोळ असण्याची शक्यता जास्त. ओल्याचा जास्त असेल, आणि दाब वाढवल्यावर तो फरक कमी होत जात असेल, तर भेगांमधल्या पाण्याला मेगाहर्ट्झच्या घाईत शेजारच्या छिद्रात पळायला वेळ मिळत नाही आणि भेगा कडक वागतात. हा खरा परिणाम आहे, आणि भूकंपीय सर्वेक्षणाच्या १० ते १०० हर्ट्झला तो जवळपास नसतो. तिथे गासमानच बरोबर. ओल्याचा शिअर गुणांक कमी आला तर पाण्याने मातीचे सांधे मऊ केलेत, म्हणजे सांगाडाच बदलला आणि कोरडा आकडा त्याला लागू नाही. खरी खात्री हवी असेल तर त्याच प्लगवर स्ट्रेन गेज (लांबीतला बारीक बदल मोजणारी पट्टी) चिकटवून काही हर्ट्झला हलक्या दाब-सोडीने मोजायचं. लांबीतला बदल दहा लाखांत एकाच्या आत ठेवायचा, म्हणजे ५० मिमीच्या प्लगची हालचाल ५० नॅनोमीटर. त्या खोलीत मग दार आपटलेलंही चालत नाही.

दाब उतरवतानाही त्याच पायऱ्यांवर मोजायचं. उतरतीचे वेग चढतीपेक्षा थोडे जास्त येतात, कारण मिटलेल्या भेगा लगेच उघडत नाहीत. म्हणून कोरडी चढती ओल्या चढतीशीच ताडायची, ओल्या उतरतीशी नाही. प्लग बाहेर आल्यावर पुन्हा सहा ठिकाणी लांबी, पुन्हा व्यास, मग धुऊन वाळवून पुन्हा वजन. लांबी दोन शतांशांनी कमी असेल तर चालून जातं. एक दशांशाने कमी असेल तर कणांचे सांधे तुटलेत, हा आता वेगळा दगड आहे. त्याचं लेबल बदलायचं, वहीत तारीख टाकायची आणि उरलेल्या दाबांसाठी त्याच ठोकळ्यातला दुसरा प्लग घ्यायचा. तो कापतानाच काढून ठेवलेला असला तर.